नथूचा कान

नथू, कावळा शिवत नव्हता तो तुझ्या नव्हे, माझ्या हट्टामुळे, असं आता तुझ्या पिंप्राळ्यात सगळे म्हणतात. दहाव्याला गिरणेच्या काठी तुझे पिंड मांडले. पुतण्याने सगळं यथासांग केलं. कावळे बाभळीवर येऊन बसले होते, पण खाली एकही उतरेना. तुझी थोरली बहीण, शिंदखेड्याची अक्का, पुढे झाली आणि म्हणाली, "नथा, तुनी बायकोले मी संभाळसू, तू काळजी करू नको." कावळे हलले नाहीत. तुझी बायको, आमच्या वहिनी, म्हणाल्या, "दुकान बंद पडू देणार नाही." तरी नाही. ऊन चढत चाललं होतं, आणि भटजींना जळगावात दुसरीकडे जायचं होतं. मग एकेक जण माझ्याकडे बघायला लागला. आपला वाद सगळ्या बाजाराला माहीत होता. शेवटी वहिनीच म्हणाल्या, "भाऊ, तुम्हीच काहीतरी बोला. त्यांचं म्हणणं खरं होतं म्हणून टाका. आता कोणाशी भांडायचंय?"

मी म्हणालो, मेलेल्या माणसाशी खोटं कसं बोलू?

लोक चिडले, आणि चिडणारच. पण तू मला ओळखतोस. आयुष्यभर ज्याला नाही म्हटलं त्याला केवळ कावळ्यासाठी हो म्हणणं मला जमलं नसतं, आणि तुलाही ते आवडलं नसतं. मी हात जोडले आणि तोंडात जे आलं ते बोलून गेलो, "नथू, तुझं चित्र मी काढीन." मागे कोणीतरी हसलं. तेवढ्यात एक कावळा उतरला आणि पिंडाला शिवला. त्याला भूक लागली असेल, असं मी तुझ्या घरी येईपर्यंत स्वतःला सांगत होतो.

आता तुझ्यामाझ्यात काय होतं ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं. जळगावात कापूसबाजाराच्या रस्त्यावर आपलं एकच दुकान, पण त्यात दोन कारखाने. पुढच्या बाजूला तुझे रंग, कुंचले आणि वाळत घातलेल्या पाट्या. मागच्या खोलीत माझं हाताने ओढायचं छापयंत्र आणि खिळ्यांच्या, म्हणजे सुट्या अक्षरांच्या, पेट्या. तू चित्र काढायचास आणि मी अक्षरं जुळवायचो. विडीच्या पुड्याचं लेबल, तेलाच्या डब्यावरचा कागद, कापसाच्या गाठीवरचा छाप, नाटकाची जाहिरात, लग्नाची पत्रिका, जे येईल ते आपण करत होतो. या धंद्याला नाव काय, ते शेवटपर्यंत आपल्याला कळलं नाही. कोणी विचारलं की तू म्हणायचास चित्रं, मी म्हणायचो छपाई. आणि गिऱ्हाईक म्हणायचं, लेबल कधी मिळेल ते सांगा.

वाद त्यावरूनच होता. तुझं म्हणणं, ज्याला हाताने काढता येत नाही त्याने या कामाला हात लावू नये. माझं म्हणणं, काढणं वेगळं आणि मांडणं वेगळं. कुठे काय ठेवायचं, किती मोठं, किती लहान, आणि कुठे काहीच ठेवायचं नाही, हे ज्याला कळतं त्याला गाय काढता आली नाही तरी चालतं. तू यावर फक्त एक प्रश्न विचारायचास, "हात नही तं नजर काय कामनी?" आणि पाठ फिरवून रंग घोटायला लागायचास. पाठ फिरवलेल्या माणसाशी भांडणं किती अवघड असतं ते तुला कधी कळलं नाही, कारण मी कधी पाठ फिरवली नाही.

मला शिकवायचा तू प्रयत्न केला नाहीस असं मात्र मी म्हणणार नाही. मेहरूणच्या तळ्यावर बोरांच्या दिवसांत तू मला घेऊन गेला होतास. पाण्यात बसलेली म्हैस समोर दाखवलीस आणि म्हणालास, "पहिले देख, मंग काढ." मी पुष्कळ बघितलं. तेवढ्या वेळात तू ओंजळभर बोरं संपवलीस. मी काढलेला कागद तू आधी सरळ धरलास, मग उलटा धरलास, आणि मग मोठ्या गंभीरपणे विचारलंस, "मुरल्या, म्हैस पाण्यात गई का?" येताना रस्ताभर तू हसत होतास. त्यानंतर माझ्या कोणत्याही चित्रात तू फक्त एक गोष्ट शोधायचास. "कान कोठे शे?" मी कान काढायला विसरायचो आणि तू तेवढंच विचारायचास. डोळे-नाक कोणीही काढतो, तू म्हणायचास, पण मानूस कानवरथीन वळखू येस. कानाकडे कोणी बघत नाही, म्हणून तो कोणाला खोटा करता येत नाही.

धुळ्याच्या जिनवाल्या शेठचा बैल आठवतो का? त्यांना कापसाच्या गाठींवर उमटवायला बैलाचा छाप हवा होता. तू असा बैल काढलास की बाजारातली माणसं काम सोडून बघायला आली. वशिंड, गळ्याखालची पोळी, पोळ्याला रंगवतात तशी शिंगं, सगळं हुबेहूब. मग तो पत्र्यावर उतरवून तू स्वतः छिन्नीने रेघेबरोबर रेघ कापत गेलास. मी मागून सांगत होतो की थांब, पण माझं कोण ऐकतो? शेवटची रेघ कापली आणि सबंध बैल पत्र्यातून निसटून खाली पडला. पत्र्यात राहिलं ते बैलाच्या आकाराचं भोक. त्यावर शाई फासली असती तर गाठीवर नुसता काळा धब्बा उमटला असता. तू तो पडलेला बैल हातात घेऊन उभा होतास आणि तुझं तोंड बघून मला हसताही येईना.

दुसऱ्या पत्र्यावर मी रेघा मधेमधे तोडल्या, म्हणजे आतला भाग बाहेरच्याला धरून राहील. शिंगं वेगळी, वशिंड वेगळं, चार पाय वेगळे. तू म्हणालास, मी बैल काढला होता, तू त्याच्या गोवऱ्या केल्यास. हमाल त्याला 'तुकड्या बैल' म्हणायला लागले आणि पुढे शेठही तेच म्हणू लागले. पण नथू, एक गोष्ट मी तेव्हा बोललो नव्हतो. ते तुकडे बैल दिसायचे ते आधी तू सबंध बैल काढला होतास म्हणून. मी म्हैस तोडली असती तर हमालांनी तिला काय म्हटलं असतं ते तुला माहीत आहे.

आणि विडीच्या पुड्याच्या वेळी माझी जिरली, तीही सांगून टाकतो. मी म्हटलं होतं, या लेबलावर चित्र नको. मोठं अक्षर, भोवती फुलांची चौकट आणि भरपूर मोकळी जागा. आजही म्हणतो, ते लेबल देखणं होतं. पण शेतावरच्या माणसाला अक्षर वाचता येत नव्हतं, आणि तो दुकानदाराला सांगणार काय? मोकळ्या जागेची विडी दे? तू तिथे एक पोपट काढलास. नुसता पोपट नाही, मान वाकडी करून गिऱ्हाइकाकडे बघणारा पोपट. सातपुड्याच्या पायथ्याची माणसं बाजाराला आली की पोपट मागायची. मी आठवडाभर तुझ्याशी बोललो नाही आणि तू ते लक्षातसुद्धा घेतलं नाहीस, कारण तू पोपटाच्या पिलांचं दुसरं लेबल काढण्यात गुंतला होतास.

तुझं खरं काम मात्र लेबलांचं नव्हतं. ज्यांच्या घरचं माणूस फोटो न काढता गेलं ती माणसं तुझ्याकडे यायची. कोणाची आई, कोणाचा भाऊ. तू त्यांना विचारायचास, ती दिसायला कोणासारखी होती? आणि सगळ्या नातेवाइकांना समोर ओळीने बसवायचास. मुलाचं कपाळ घ्यायचास, बहिणीचं नाक, मामाची हनुवटी. मधेच विचारायचास, हसताना दात दिसायचे का? रागावली की कोणती भुवई वर जायची? ती माणसं आधी आठवायची, मग भांडायची, मग रडायची, आणि तू कागदावरून मान वर करायचा नाहीस. एकदा एका म्हाताऱ्याने कागद हातात घेतला आणि नुसता बायकोच्या कानावर अंगठा फिरवत बसून राहिला. तो कान तू त्याच्या लेकीचा घेतला होतास. त्या दिवशी मागच्या खोलीत मी एकही खिळा उचलला नाही. तुला वाटलं मी जेवायला गेलो होतो.

आणि स्वतःचा फोटो तू कधी काढू दिला नाहीस. गावात फोटोवाला आला तेव्हा वहिनींनी किती आग्रह केला. तू म्हणालास, पेटीत जाऊन बसायला मी काय दागिना आहे? वहिनी म्हणाल्या, मग तुमचं चित्र काढणार कोण? तू माझ्याकडे बोट दाखवलंस, आणि दोघंही हसलात. मीसुद्धा हसलो.

तू आजारी पडलास तेव्हा लढाईमुळे कागद मिळत नव्हता, काम कमी होतं, म्हणून मी रोज दुपारी पिंप्राळ्याला येऊन बसत होतो. ताप उतरला की तू उशाला टेकून बसायचास. शेवटचा आलो तेव्हा तेलाच्या डब्याच्या लेबलाचा पहिला छाप दाखवला. तू बराच वेळ बघितलास आणि म्हणालास, "बरं शे." मी विचारलं, चूक काढणार नाहीस? तू म्हणालास, "डोया दुखतस." तुला चूक काढायचा कंटाळा आला हे बघून मी घाबरलो. वाटेत सायकल हातात धरून चालत आलो. तेव्हाच परत फिरून तुला सांगायला हवं होतं की मी या दुकानात खिळ्यांसाठी नाही, तुझ्यासाठी राहिलो. नाशिकला मला चांगल्या छापखान्यात बोलावलं होतं हे तुला माहीत नव्हतं. माझ्या कामाकडे बघून नाक मुरडणारा माणूस तिथे मला मिळाला नसता. वाटलं, उद्या सांगू.

तर असा मी, आणि माझ्या गळ्यात हे वचन. दहाव्याहून आलो आणि तुझ्याच ओसरीवर कागद घेऊन बसलो. पहिल्या कागदावर आलं ते खरबूज. त्याला मिशा काढल्या तर ते मिशाळ खरबूज झालं. वहिनी चहा घेऊन आल्या, बघितलं आणि कप ठेवून आत गेल्या. दुसऱ्या दिवशी तीच गत. तुला डोळ्यांपुढे आणायला डोळे मिटावे लागत नव्हते, इतका तू स्वच्छ दिसत होतास. दिसतोय आणि हातातून उतरत नाही, हे दुःख काय असतं ते मला या वयात कळलं. तू म्हणायचास तेव्हा मी समजत होतो की तू मिजास करतोस.

मग मी पेन्सिल ठेवली आणि दुकानाच्या मागच्या खोलीत जाऊन पेट्या उघडल्या. मला जे येतं तेच करू म्हटलं. नाटकाच्या जाहिरातीचे मोठे लाकडी खिळे काढले. त्यातली दोन शून्यं घेतली आणि तुझा चष्मा झाला. जाड काळ्या पट्ट्या एकावर एक ठेवून तुझी टोपी केली, डावीकडे कललेली. साध्या कंसाच्या दोन बाजूंनी गाल बसले. मिशांसाठी महिरपी कंस आडवा टाकला, आणि नथू, काय सांगू, तो कंस जणू तुझ्याच मिशांवरून ओतला होता. तोंड घालायची गरजच पडली नाही. तुझं तोंड मिशांखाली कोणी बघितलं नव्हतं, ऐकलं मात्र सगळ्या बाजाराने. कानामागच्या पेन्सिलीसाठी एक बारीक पितळी पट्टी घेतली. ती तिरकी बसेना, म्हणून ओला कागद कोंबून घट्ट केली. शाई लावून छाप ओढला आणि भिंतीला टेकवून लांब उभा राहिलो.

अक्का तेराव्यापर्यंत थांबली होती. ती भाकरी घेऊन दुकानात आली आणि दारातच उभी राहिली. "हाऊ ते नथा शे," ती म्हणाली आणि भाकरीचं फडकं तसंच हातात धरून रडायला लागली. मला काय झालं म्हणून सांगू. रडूही येत होतं आणि तुला ओरडून सांगावंसंही वाटत होतं की बघ, एक रेघ काढली नाही मी, एकही नाही, आणि तुझ्या बहिणीने तुला ओळखलं.

डोळे पुसून अक्का जवळ आली. छाप निरखून बघितला. मग तुझ्याच आवाजात, शपथेवर सांगतो, अगदी तुझ्याच आवाजात म्हणाली, "भाऊ, कान कोठे शे?"

पितळी पट्टी हवेत लटकत होती. पेन्सिल होती, तिच्याखाली काहीच नव्हतं.

मी सगळ्या पेट्या धुंडाळल्या. स्वल्पविराम लावून बघितला, चंद्रकोर लावून बघितली, उलटी लावून बघितली. चौकटीच्या फुलांमधली पाकळीसुद्धा लावली. कोणाचाही कान झाला असता, तुझा होत नव्हता. तुझ्या कानाची वरची कड आत दुमडलेली होती आणि तसा खिळा कोणी ओतलेला नाही. अक्का माझी धडपड बघत बसली होती. शेवटी तिने डोक्यावरचा पदर मागे सारला, कानातली बुगडी काढून मांडीवर ठेवली आणि मान वळवली. "आमना बठ्ठास्ना कान असाच शेतस," ती म्हणाली. "देख."

खरंच तुझ्यासारखाच होता, सगळ्या घराण्याचा एकच कान. तीच दुमडलेली कड, फक्त बुगडीच्या ओझ्याने जरा खाली आलेली. सत्तरीची बाई माझ्यासमोर कान उघडा करून बसली होती, आणि मी तिच्यासमोर लाकडाचा ठोकळा आणि पेन्सिल घेऊन बसलो. पहिले देख, मंग काढ. मी बघितलं. कान इतका अवघड असतो हे मला कोणी सांगितलं नव्हतं. तू सांगत होतास, ते मी ऐकलं नव्हतं. काढला, पुसला, पुन्हा काढला. अक्काची मान अवघडली तरी ती हलली नाही. मधेच म्हणाली, "नथा आते हासी राह्यना व्हई." मी म्हणालो, हसू दे. मग तो कान ठोकळ्यावर कोरला, पेन्सिलीच्या खाली बसवला आणि शाई लावून पुन्हा छाप ओढला.

तेराव्याला जेवणं झाल्यावर ते चित्र दुकानात लावलं, पुढच्या बाजूला, तुझ्या रंगांच्या फळीवर. बाजारातली माणसं येऊन बघून गेली. हमालांनी तर बघितल्याबरोबर ओळखलं. एकाने तुला 'तुकड्या नथू' म्हटलं आणि मग जीभ चावली. मी त्याला म्हटलं, चालतंय, त्याला चालेल. लोक विचारत होते, मग मुरलीधरभाऊ, वादाचं काय झालं? हात लागतो की नाही? त्यांना मी म्हटलं, चित्र बघा आणि ठरवा. तुला सांगतो, टोपीपासून मिशांपर्यंत मी जिंकलो आहे आणि कानाशी तू जिंकला आहेस. एवढंच मी कबूल करीन, याच्या पुढे जाणार नाही.

सगळे गेल्यावर वहिनी एकट्या चित्रापुढे उभ्या राहिल्या. चष्म्यावरून, मिशांवरून त्यांची नजर फिरली आणि कानाशी थांबली. त्यांनी हात वर केला आणि त्या कानावर हलकेच बोट ठेवलं. मला तो म्हातारा आठवला.

"हा तुम्ही हाताने काढलात?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं.

"जरासा मोठा झालाय," त्या म्हणाल्या.

झालाय, नथू. मलाही दिसतंय. आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या चित्रातली चूक दिसते आहे. पण तो कुठून कमी करायचा, वरून की पाळीशी, ते मला कळत नाही. आणि दुकानाच्या पुढच्या बाजूला आता विचारायला कोणी नाही.